पश्चिमेचं धुराडं

शालन,

तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी मी पहार घेऊन माळवदावर चढलो. सुतकात घराला हात लावायचा नसतो, खणायचं नसतं, ठोकायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. खाली अंगणात आपली मंगल उभी होती, साताऱ्याहून आलेली, रडून डोळे सुजलेले. "आण्णा, खाली या, लोक काय म्हणतील?" म्हणून ओरडत होती. या घरात ते वाक्य नेहमी माझं. पोरीच्या तोंडून ऐकलं आणि मी आणखी जोरात पहार हाणली. चुलीच्या बरोबर वर मी स्वतः सिमेंटात बसवलेली शहाबादी फरशी चार घावांत फुटली. तुझ्या बापूंनी छतात ठेवलेलं साणं, धूर वर जायचं ते हातभर भोक, तीन वर्षांनी उघडं झालं. खाली चूल थंडच होती. भाकरी गावातून येत होती.

मग मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. गावातल्या निम्म्या लोकांनी बघितलं असेल.

तुला मी वीस वर्षं पत्रं लिहिली. तुला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की माझा धाकटा भाऊ सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचा आणि आई, आबा, भावजया सगळे ऐकायला असायचे. मग मी लिहिणार काय? इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी, सर्वांस नमस्कार. त्या 'सर्वांस'मध्ये तू. एकदा बर्फातून लिहायचं होतं की तुझी लय आठवण येते. लिहिलं काय, तर परड्यातल्या शेवग्याला पाणी घालत जावे. ते तुला उमगलं का, हे सुद्धा विचारायचं राहिलं. हे पत्र तुला वाचून दाखवणारा कुणी नाही, म्हणून यात खरं लिहितो.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. पलूसकडच्या आमच्या घरी दोघे भाऊ, त्यांच्या बायका, सात पोरं, ऊस, गुऱ्हाळ, म्हशी. त्या घरात तू वीस वर्षं सगळ्यांच्या भाकरी थापल्यास आणि मी वर्षातून दोन महिने पाहुण्यासारखा जेवून गेलो. रजा संपली की ट्रंक उचलायची आणि निघायचं. मी कायमचा आलो तेव्हा भावांनी मला बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "दादा, रजा किती दिस हाय?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. घरात माझी जागाच कुणी धरलेली नव्हती.

तेव्हा तू जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंस. म्हणालीस, "जतंकडं बापूचं घर पडाय लागलंय. त्येंच्या माघारी कोन न्हाई. आपुन तिथं जाऊया. दोघंच."

दोघंच हा शब्द तू असा म्हणालीस, की मला हो म्हणावंच लागलं. पण शालन, मनात एक काटा तेव्हाच मोडला. हवालदार माणूस, छातीवर पदकं, आणि म्हातारपणी घरजावई.

घर मात्र मला बघताक्षणी आवडलं, हे तुला कधी सांगितलं नाही. काळ्या दगडाचं तीन खणांचं घर, माळावर एकटं, वर मातीचं माळवद. विहीर खणताना जो दगड निघाला त्याच दगडाचं बापूंनी हे घर बांधलं. एका भिंतीत माती वाहून गेलेली, तुळईला वाळवी, दार एका बिजागरीवर. तू आत गेलीस आणि भिंतीवरून हात फिरवत सांगायला लागलीस. ह्यो दगूड चढवताना बापूचं बोट चेंगरलं. ह्यो अव्वानं डोईवर आणला, तवा मी पोटात हुते. मी मागून येत होतो आणि हिशोब करत होतो की दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला सिमेंट किती लागेल. तुला घर आठवत होतं आणि मला काम दिसत होतं.

गावात मला हवालदार म्हणून कुणी ओळखत नव्हतं. एसटीतून उतरलो की पारावरचे म्हातारे हाक मारायचे, "पावनं, कवा आलासा?" मी इथंच राहतो हे त्यांना माहीत होतं. पण लेकीचा नवरा म्हणजे पावणं, तो शंभर वर्षं राहिला तरी पावणंच. त्यांच्या दृष्टीनं तो मान होता. मला मात्र तो रोज बोचायचा. पलूसला मी रजेवरचा, इथं मी पावणा. माझं घर कुठलं?

म्हणून मी ठरवलं की हे घर माझं करायचं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. माजी सैनिक म्हणून मी तहसीलात चार हेलपाटे घातले आणि पोती मिळवली. बैलगाडीतून ती गावातून आणली तेव्हा मुद्दाम बाजारपेठेच्या रस्त्यानं आणली. सारवणाच्या जागी फरशी. भिंतींच्या दर्जा सिमेंटच्या. खिडकीला गज. ज्या दगडावर बापूंचं बोट चेंगरलं होतं त्याच्याभोवतीही मी सिमेंटची पट्टी ओढली, सरळ, ओळंब्यात. तू बघत होतीस. "चांगलं दिसतंय," म्हणालीस.

मग साण्याची पाळी आली. एकदा जेवताना माझ्या ताटात वरून पाल पडली होती, एकदा वळवाचं पाणी आलं होतं. मी म्हणालो, हे भोक बंद करायचं आणि भिंतीतून पक्कं धुराडं काढायचं. आमच्या पलटणीच्या लंगरखान्याला, स्वयंपाकाच्या खोलीला, असायचं तसं. यल्लाप्पा गवंडी सत्तरीचा, बापूंच्या हाताखाली याच भिंती चढवलेला माणूस. तो वर बसला होता, त्यानं तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "पावनं, तुमच्या सासऱ्यानं ह्ये भोक तीन डाव जागा बदलून पाडलंय. उगं न्हाई. वारं बगून पाडलंय."

मी म्हणालो, "आप्पा, मी बर्फात लंगर चालीवलेत. मला वारं शिकवू नका."

"मग निदान पूर्वंला काढा की. पश्चिमंला काढलं तर आखाडाचं वारं धुराड्याच्या तोंडात शिरंल. धूर माघारी फिरंल."

त्याचं ऐकलं नाही. पूर्वेला परसू होतं, तिथं धुराडं कोण बघणार? पश्चिमेला रस्ता होता. एसटीतून जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला माळावरचं घर दिसलं पाहिजे, त्यावर सिमेंटचं उंच धुराडं दिसलं पाहिजे आणि त्यानं विचारलं पाहिजे, हे कुणाचं घर? हवालदाराचं. एवढ्यासाठी मी ते पश्चिमेला काढलं. मी घर दुरुस्त करत नव्हतो शालन, तुझ्या बापाचं नाव पुसत होतो.

यल्लाप्पानं काम नीट केलं. मजुरी घेतली. जाताना तुला म्हणाला, "पोरी, दार उगडं ठेवत जा." तेव्हा मला ते वाक्य चेष्टेचं वाटलं.

सगळंच वाईट होतं असं नाही, ते लिहिलं नाही तर तू रागावशील. आपण दोघं चाळिशी ओलांडलेली माणसं, लग्नाला वीसावर वर्षं झालेली, आणि एकमेकांना नवीन. तुला चहात गूळ लागतो हे मला इथं कळलं. मी सकाळी पाचला उठून घोंगड्याच्या घड्या पलटणीच्या मापानं घालायचो आणि तू येऊन बरोबर त्या घडीवर बसायचीस. मी प्रत्येक वस्तूला खिळा ठोकला, उलथन्याला खिळा, गाळणीला खिळा, आणि तू रोज उलथनं गाळणीच्या खिळ्याला लावायचीस. मला वाटायचं तू विसरतेस. एक दिवस दाराआडून पाहिलं तर तू उलथनं योग्य खिळ्याला लावलंस, जरा थांबलीस, काढलंस आणि गाळणीच्या जागी लावलंस. तोंडाला पदर लावून हसत होतीस. मी पाऊल न वाजवता माघारी फिरलो. इतकं बरं मला कुठल्या बढतीनं वाटलं नव्हतं.

दुपारी तू दारापुढच्या दगडावर बसून जोंधळे निवडायचीस आणि समोरच्या मेंढरांच्या कळपातलं कोणतं मेंढरू लंगडतंय ते सांगायचीस. मी विहिरीवरून पाणी आणायचो. घागर खाली ठेवली की तू म्हणायचीस, "दमलासा?" एवढंच. पलूसच्या घरात आयुष्यात कधी तू मला सगळ्यांसमोर असं विचारू शकली नव्हतीस.

पण आषाढ लागला की वारं सुटायचं. जतच्या माळावर पाऊस पडतो किती, आणि वारं किती. पावसाच्या चार थेंबांसाठी मी वर्षभराचा धूर कोंडला. यल्लाप्पा म्हणाला होता तसंच झालं. वारं धुराड्यात शिरायचं आणि धूर चुलीच्या तोंडातून परत यायचा. तू फुंकणीनं फुंकायचीस, डोळे पुसायचीस, खोकायचीस. पहिल्या पावसाळ्यात एकदा बोललीस, "धूर मागं येतोय वो." मी म्हणालो, लाकडं ओली असतील. दुसऱ्या दिवशी तू वाळलेल्या तुरकाट्या आणल्यास. तरी धूर आला. मग मी म्हणालो, नवीन धुराडं आहे, जरा काजळी धरली की ओढेल.

दुसऱ्या पावसाळ्यात पेन्शनीच्या कामाला मी साताऱ्याला गेलो होतो. मंगलकडे दोन दिवस राहणार होतो, पण काम एका दिवसात झालं आणि मी आदल्या दिवशीच आलो. रस्त्यावरून बघितलं तर धुराड्यातून धूर नाही. मागून परसातून मात्र निळा धूर सरळ वर चाललेला. मी घराला वळसा घालून गेलो. भिंतीच्या आडोशाला तीन दगड मांडून तू भाकरी करत होतीस. तुझी विहिरीवरची मैत्रीण निंगव्वा शेजारी बसलेली, तुमचं काहीतरी कानडीत चाललेलं, आणि तू हसत होतीस. मोकळी. इतकी मोकळी मी तुला त्या स्वयंपाकघरात कधी बघितली नव्हती. आणि मला तेच सोसलं नाही.

मला बघताच तू चुलीत तांब्या ओतलास. म्हणालीस, "पानी तापवत हुते." तव्यावर अर्धी भाकरी तशीच.

निंगव्वा उठून गेली. मी काय काय बोललो ते मला आठवतं, आणि तुला तर आठवतच होतं. घरात पक्कं धुराडं असताना धनगराच्या पालासारखी उघड्यावर चूल? लोक काय म्हणतील? हवालदाराला चूल बांधता आली नाही म्हणतील. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या बापाचं भोकच बरं हुतं, म्हन की एकदा."

तू वर बघितलंस. "वाईट न्हवतं," म्हणालीस. बस्स, तेवढंच.

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू चहा आणलास, आपण बोलायला लागलो, पण त्या गोष्टीवर कधीच बोललो नाही. त्यानंतर तू एकदाही बाहेर चूल मांडली नाहीस. मी साताऱ्याला गेलो तरी नाही, हे मला नंतर निंगव्वानं सांगितलं. त्या वेळी तू ऐकलंस म्हणून मी खूष झालो होतो. तिसरा पावसाळा तू त्याच धुरात काढलास.

खोकला आधी पावसाळ्यापुरता होता, मग थंडीत राहिला, मग उन्हाळ्यातही. विहिरीवरून दारापर्यंत येताना तू दोनदा थांबायला लागलीस. इथल्या डॉक्टरनं बाटल्या दिल्या. शेवटी आपण सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण माणूस, शांत. त्यांनी छाती तपासली, फोटो बघितला, आणि तुला विचारलं, "बाई, स्वयंपाक चुलीवर का? घरात धूर कोंडतो का?"

मी तोंड उघडलं होतं शालन. खरंच उघडलं होतं. पण तू माझ्या आधी बोललीस. "न्हाई जी. आमच्यात धुराडं हाय पक्कं. ह्येंनी बांधलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं विचारलं.

परतीच्या एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. चारचौघांत तू कधी माझ्या अंगाला अंग लावून बसली नव्हतीस. मी जतपर्यंत हललो नाही. खांदा बधिर झाला. सबंध वाटेत एकच प्रश्न मनात घोळत होता: तू ते मला टोमणा म्हणून बोललीस, का मला वाचवायला? विचारीन, उठलीस की विचारीन, असं म्हणत गाव आलं. मग चार महिने तू माझ्यासमोर अंथरुणावर होतीस आणि मी विचारलं नाही.

त्या चार महिन्यांत मी स्वयंपाक केला. पहिल्या दिवशी भात शिजेपर्यंत डोळ्यांतून धारा लागल्या आणि मी खोकत बाहेर आलो. तू आतून क्षीण आवाजात म्हणालीस, "तुमी भाईर मांडा चूल. गड्यामानसाला कोन काय म्हनत न्हाई." मी बाहेर मांडली. तुझं अंथरुण दारापाशी ओढलं, म्हणजे तुला मी दिसेन. माझी नकाशासारखी वेडीवाकडी भाकरी बघून तू हसायचीस. "ह्यो कुटला देश?" म्हणायचीस. पण साणं मी तेव्हाही उघडलं नाही. पहार दाराआडच होती. आजारी बायको घरात असताना कुठं ठोकाठोक करायची, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हतं. तुझ्या डोळ्यांदेखत ते भोक उघडलं असतं तर माझी चूक मी तुझ्यासमोर कबूल केली असती. ते मला जमत नव्हतं. तू डोळे मिटल्यावर जमलं.

दहाव्याला निंगव्वा आली होती. मी तिला विचारलं, शालन तुमच्यात धुराड्याबद्दल काय बोलायची? ती आधी सांगेना. मग म्हणाली, "विहिरीवर कोन धुराड्याला हसलं तर अक्का भांडायची. म्हनायची, लय वढतंय आमचं धुराडं, माज्या घरधन्यानं बांधलंय. आन तुमाला कोन पावनं म्हनलं तर तिला राग यायचा. घर त्येंचं हाय, म्हनायची, त्येंचं हुं द्या."

म्हणजे तुला सगळं कळत होतं. मी कशासाठी बांधलं, कुणाला दाखवायला बांधलं, सगळं. तुझ्या बापाच्या घराचं मी काय केलं ते तुला माहीत होतं आणि तू ते मला देऊन टाकलंस. माझा तुझ्यावर राग आहे, शालन. एकदा तरी अंगावर यायचं होतंस. तांब्या चुलीत न ओतता माझ्या डोक्यावर ओतायचा होतास. मी काही लहान नव्हतो सांभाळून घ्यायला.

तेरावा झाला. मंगल म्हणते, साताऱ्याला चला. मी तिला म्हणालो, आधी सांगलीला एक काम आहे.

काल गेलो. नंबर लावून बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय होतंय?" मी म्हणालो, मला काही होत नाही. तुझं नाव सांगितलं, त्यांनी जुना कागद काढला. मी उभाच होतो. म्हणालो, "साहेब, त्या दिवशी ती खोटं बोलली. घरात धूर होता. तीन पावसाळे होता. मी बाजूला बसून मान हलवली." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं, की वीस वर्षं मोठ्या घरच्या चुलीपुढं बसलेल्या बाईची छाती आधीच खराब झालेली असू शकते. तुमच्या धुरानंच झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं, असंही म्हणता येणार नाही.

मी विचारलं, "त्या दिवशी मी खरं बोललो असतो तर?"

"तर मी तुम्हाला सांगितलं असतं, आजच घरी जाऊन धूर बंद करा. छताला भोक पाडा, काहीही करा." मग म्हणाले, "तुम्ही केलंच असतंत म्हणा."

"व्हय साहेब," मी म्हणालो. "लगीच केलं असतं."

ते त्यांना खरं वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बाहेर आलो आणि बाकावर बसलो. मी केलं नसतं, शालन. घरी येऊन म्हणालो असतो, शहरातल्या डॉक्टराला चुलीतलं काय कळतंय. तुला ठाऊक होतं ते, म्हणून तर तू मला तोंड उघडू दिलं नाहीस. एकाच डॉक्टरापुढं आपण दोघंही खोटं बोललो. तू माझी अब्रू राखलीस, आणि तू गेल्यावर मीही माझीच राखली.